सख्ख्या बहिणीचा हवाला

फोन वाजला की थोरली हातातलं काम जागच्या जागी टाकून धावायची. मग गॅसवर अंडी उकळत असोत, नाहीतर पाहुणा चहासाठी ताटकळत असो. नवरा म्हणायचा, "अगं, त्याला काय पाय फुटलेत? पळून नाही जायचा तो." पण तिला खरंच वाटायचं की पळून जाईल. नऊ वर्षं हा फोन गेस्ट हाऊसच्या काउंटरवर धूळ खात पडला होता, आणि गेल्या तीन आठवड्यांत त्याला श्वास घ्यायला उसंत नव्हती. उपाशी माणसाची नजर ताटावरून हटत नाही, तशी तिची फोनवरून हटत नव्हती.

विचारणारे नवनवे, पण प्रश्न एकच. "आम्हाला खरं तर तळ्याच्या पलीकडे जायचं होतं हो. पण ती दरड वगैरे... तुम्ही जवळच राहता, म्हणून विचारतो. तिकडची परिस्थिती कशी आहे?"

थोरली एक सुस्कारा टाकायची. सुस्कारा खराच असायचा, कारण धावत आलेली असायची. मग म्हणायची, "हे बघा, मी काही परकी नाही. माझी सख्खी बहीण तिकडे राहते. तिचंही गेस्ट हाऊस आहे. तीच मला म्हणाली, ताई, सध्या कुणाला पाठवू नकोस. आता जिचं पोट पाहुण्यांवर चालतं, तीच स्वतःच्या तोंडाने असं म्हणते, म्हणजे तुम्हीच काय ते समजा."

मग पलीकडून यायचा तो ठरलेला प्रश्न, "तुमच्याकडे खोली मिळेल का?"

यात एक शब्द खोटा नव्हता. बहीण सख्खी होती, गेस्ट हाऊस होतं, आणि बहीण ते वाक्य बोललीही होती. फक्त ती ते कधी बोलली, एवढंच थोरली सांगत नसे. खोटं बोलायला फार अक्कल लागत नाही. खऱ्याला बरोबर तेवढी कात्री लावायला मात्र लागते, आणि अकलेत थोरली लहानपणापासून पुढे होती.

दोघी बहिणींची लग्नं एकाच तळ्याच्या दोन काठांवर झाली. होडीने चाळीस मिनिटांचं अंतर. दोघींनी एकाच वर्षी आपापल्या दारावर पाटी लावली. थोरलीच्या सात खोल्या, धाकटीच्या दहा. पण सूर्य बुडताना दिसायचा तो पलीकडच्या काठावरून. अलीकडून तो उगवताना दिसायचा, आणि तो बुडण्याइतकाच सुंदर असायचा, पण सुट्टीवर आलेला माणूस मरायला पहाटे उठतोय! त्यामुळे सगळे पलीकडे. धाकटीकडे सहा-सहा महिने आधी खोल्या भरायच्या आणि जे उरायचे त्यांना ती सांगायची, "माझ्या ताईकडे जा ना. माझ्यापेक्षा छान ठेवते ती."

थोरलीचं नऊ वर्षांचं पोट या उरल्यासुरल्या माणसांवर चाललं होतं. ती यायची तीच तोंड पाडून. रजिस्टरमध्ये सही करता करता सांगायची, "तिकडे जागा नव्हती, म्हणून..." थोरली हसून किल्ली द्यायची. धाकटीने पाठवलेली माणसं, धाकटीचे उपकार. धाकटीला ते उपकार वाटतही नसत, आणि थोरलीला नेमकं तेच जास्त झोंबायचं.

मग या महिन्याच्या दोन तारखेला पलीकडच्या रस्त्यावर दरड कोसळली. घाट उतरला की रस्त्याला दोन फाटे फुटतात, एक या काठाला, एक त्या. त्या दुसऱ्या फाट्यावर अर्धा डोंगर खाली आला. कुणी दगावलं नाही. एक बस मात्र कठड्यावर अर्धी बाहेर लटकत राहिली, आणि टीव्हीवाल्यांना आणखी काय हवं? चार दिवस ती बस सकाळी लटकली, दुपारी लटकली, बातम्यांच्या आधी लटकली, बातम्यांच्या नंतर लटकली. आतली माणसं पहिल्याच दिवशी उतरून घरी गेली होती. धाकटीची दहाच्या दहा खोल्यांची बुकिंगं तीन दिवसांत रद्द झाली.

दरडीच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला होता. रडत होती. "ताई, तू कुणाला पाठवू नकोस गं सध्या. वरून अजून दगड येताहेत. कुणाच्या जिवाला काही झालं तर मी तोंड कुठे लपवू?"

"नाही पाठवत हो, चिऊ. तू जपून राहा आधी," थोरली म्हणाली होती आणि फोन ठेवून तिनेही डोळे पुसले होते. ते अश्रू खरे होते. त्या दिवशी कुणी विचारलं तेव्हा तिने सांगितलं तेही मनापासून सांगितलं. पहिल्यांदा ते वाक्य तिच्या तोंडून काळजीने निघालं, हे तिच्या बाजूने लिहून ठेवायला हवं. तिच्या बाजूने लिहिण्यासारखं पुढे फारसं काही नाही.

तेरा तारखेला रस्ता सुरू झाला. जाळ्या ठोकल्या, भिंत बांधली, सरकारी इंजिनियर स्वतः गाडीतून चार वेळा जाऊन-येऊन आला. धाकटीचा फोन आला तो नुसता खिदळत. "ताई, झाला गं रस्ता! अगदी गुळगुळीत. आधी होता त्यापेक्षा बरा. कुणी विचारलं तर सांग हं सगळ्यांना!"

"सांगते की," थोरली म्हणाली.

पाचच मिनिटांनी फोन वाजला. एक गृहस्थ, बायको, सासू आणि दोन मुलं. पलीकडे जायचं होतं, परिस्थिती कशी आहे? थोरलीने सुस्कारा टाकला. तिच्या मनात खरंच होतं की सांगावं, रस्ता झालाय, जा. पण सहा आणि सात नंबरच्या खोल्या शनिवारी रिकाम्या होणार होत्या. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते सवयीचंच. "माझी सख्खी बहीण राहते हो तिकडे..."

फोन ठेवल्यावर तिचे कान गरम झाले होते. ती स्वयंपाकघरात जाऊन उगाचच धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली. नवरा बॉयलरपाशी बसला होता. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून पाहुण्यांचं पाणी तापवणं हेच त्याचं खातं.

"कोण होतं?" त्याने विचारलं.

"पाहुणे. शनिवारी येतील."

"रस्ता झाल्याचं सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही."

हे मात्र धडधडीत खोटं होतं. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि परत बॉयलरचा काटा बघत बसला. तो असाच. कधी बोलायचा नाही, आणि त्याचं न बोलणंच तिला दोन थोबाडीत दिल्यासारखं लागायचं.

पुढे रोज तेच. रोज ती ठरवायची की आज सांगायचं, आणि रोज कुठली तरी खोली रिकामी होणार असायची. आधी लाज वाटायची, मग लाजेचीही सवय झाली, आणि सवय झाली याची पुन्हा वेगळी लाज. ती स्वतःला समजावायची, मी काय एकटी आहे? टीव्ही आहे, पेपर आहेत. माझ्या एका वाक्याने काय आभाळ कोसळणार आहे? मांजर डोळे मिटून दूध पितं, तसलाच प्रकार.

दोन काठांमध्ये होडी चालवणारा नावाडी रोज दुपारी तिच्या ओट्यावर चहाला टेकायचा. त्याच्या मते त्याने या धंद्याचे सगळे चढउतार पाहिले होते. "वहिनी, माणसं डोंगराला घाबरत नाहीत, टीव्हीला घाबरतात," तो म्हणायचा. "डोंगर चार दिवसांत गप्प झाला, पण लोकांच्या डोक्यात ती बस अजून लटकतेय. तापाची साथ आली होती ते वर्ष आठवा. साथ कुठे, तर दोनशे कोसांवर, आणि होड्या आमच्या बांधून पडल्या. त्याच्या पुढच्या वर्षी समुद्रकाठी वादळ झालं, तर सगळा लोंढा आपल्याकडे! दोन्ही वेळा आपण काय केलं होतं? काही नाही. कुणाचं तरी बिनसतं आणि कुणाचं तरी फावतं."

"हो ना," थोरली म्हणायची.

"पण असं बिघडलेलं डोकं जाग्यावर आणायचं औषध एकच. ओळखीचं माणूस. ओळखीच्या माणसाने 'या' म्हटलं की पाखरं परत येतात. तुमच्या बहिणीचं नशीब की तुम्ही इकडे आहात." कप खाली ठेवता ठेवता तो म्हणाला, "नाहीतर तिचं कठीणच आहे. ऐकलंत ना? तिच्या नवऱ्याला शहरात कुठल्याशा गोदामात नोकरी मिळतेय. महिनाअखेरपर्यंत दहातल्या चार खोल्या जरी भरल्या तर राहू म्हणतोय, नाहीतर कुलूप लावून चाललेत कायमचे."

थोरलीने हे ऐकलं नव्हतं. धाकटीने सांगितलंच नव्हतं. ताईला काळजी नको म्हणून.

त्या दिवशी आणखी दोन फोन आले. पहिल्याला तिने म्हटलं, "रस्ता आता बरा आहे म्हणतात, पण..." आणि तो 'पण' तिने इतका लांबवला की पुढचं काही बोलावंच लागलं नाही. दुसऱ्याला पुन्हा सख्खी बहीण.

एकवीस तारखेला सकाळी होडीतून धाकटी उतरली. भलंमोठं गाठोडं डोक्यावर, आणि ओट्यापासूनच आरडाओरडा. "ताई! भाऊजी! कुणी आहे का घरात, की पाहुणे झाल्यावर गरीब नातेवाइकांना दार बंद?"

"अगं, तू कशी?"

"नावाड्याने सांगितलं, ताईकडे चादरी पुरत नाहीयेत, वाळायच्या आत पुन्हा घालतेय. म्हटलं, माझ्या कपाटात पडून काय करायच्यात? घे. वीस चादरी, तीस अभ्रे, सगळं इस्त्रीचं. आणि मी आहे दोन दिवस. तिकडे नुसती माश्या मारत बसते. तुझ्याकडे माणसं आहेत, माझ्याकडे हात आहेत."

थोरलीने गाठोडं घेतलं. निळ्या किनारीच्या चादरी, हातालाच मऊ लागणाऱ्या. असल्या चादरी घ्यायचं थोरलीच्या नऊ वर्षं मनात होतं. तिला कुठे बघावं कळेना.

दुपारपर्यंत धाकटीने चार खोल्या आवरल्या. पाहुण्यांच्या सासूशी गप्पा मारल्या, मुलांना होडीची गाठ मारायला शिकवली, भाऊजींच्या बॉयलरची थट्टा केली. "भाऊजी, या बॉयलरवर तुमचं प्रेम आहे तेवढं ताईवर असतं तर?" तो चक्क हसला. त्या पाहुण्या सासूबाई थोरलीला म्हणाल्या, "तुमची बहीण लाघवी आहे हो. हीच ना ती, पलीकडची? बरं केलंत इकडे आणलंत. तिकडे जिवाला धोका." थोरली "हं" म्हणून जिन्याकडे वळली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे.

सकाळपासून तिने फोनचा ताबा सोडला नव्हता. दोनदा वाजला, दोन्ही वेळा तिनेच घेतला, आणि धाकटी ऐकत असेल म्हणून "नंतर करा" सांगून ठेवला. पण सात नंबरमधला नळ गळायला लागला, पाहुणा वरून हाका मारायला लागला, आणि ती फडकं घेऊन वर गेली. तेवढ्यात खाली फोन वाजला.

"मी घेते गं!" धाकटी ओरडली.

थोरली जिन्याच्या वरच्या पायरीवर आली तोवर रिसीव्हर उचललेला होता. खाली धाकटी काउंटरला रेलून उभी, खांद्यावर एक चादर, हसरा आवाज. "हो, बोला... नाही, मी त्यांची बहीण... हो, पलीकडची. सख्खी."

मग ती ऐकत राहिली. फोनमधला आवाज बारीक येत होता, शब्द कळत नव्हते. कळायची गरजही नव्हती. ते शब्द थोरलीचेच होते.

धाकटीने खांद्यावरची चादर काढून काउंटरवर ठेवली. "कधी म्हणाल्या ताई असं?" तिने हळूच विचारलं. "परवा... बरं."

थोरलीने कठडा घट्ट धरला. आता ही ओरडेल, सगळ्या पाहुण्यांसमोर. ओरडावं, असंच तिला वाटत होतं. ओरडली तर निदान आपल्यालाही काहीतरी बोलता येईल.

"हो," धाकटी फोनमध्ये म्हणाली. "बरोबर आहे. मीच म्हटलं होतं ताईला, कुणाला पाठवू नकोस म्हणून." मग पेन उचलून, "तुम्हाला खोली कधी हवीय? शनिवार, रविवार. किती माणसं? थांबा हं, लिहून घेते."

तिने लिहून घेतलं. नाव, माणसं, येण्याची वेळ. फोन ठेवला. चादर पुन्हा उचलली, टोकाला टोक जुळवून घडी घातली, मग वर पाहिलं.

"ताई, शनिवारी दोन खोल्या दिल्यात. चालेल ना?"

थोरली जिना उतरली. "चिऊ, ऐक. मी सांगणार होते. रोज ठरवत होते..."

"मी म्हटलं होतंच की ते," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तीन तारखेला. तू फक्त तारीख गाळलीस."

"अगं, नऊ वर्षं..." थोरलीच्या तोंडून निघालं, आणि नऊ वर्षं काय, हे तिला पुढे बोलता येईना. नऊ वर्षं तू मला माणसं पाठवत राहिलीस, हेच तेवढं खरं होतं. ते तक्रार म्हणून कसं सांगायचं?

"नऊ वर्षं काय?"

"काही नाही."

"मला वाटायचं, ताई तिकडे आहे म्हणून निभावतंय," धाकटी म्हणाली. "हे म्हणत होते, कुणीच कसं येत नाही? रस्ता झाला, फोटो टाकले, तरी कसं नाही? मी म्हटलं, थांबा जरा, ताई सांगतेय लोकांना." ती हसल्यासारखं करायला गेली, पण तोंड वाकडं झालं. मग तिने ओंजळीने डोळे दाबले, नाक पुसलं आणि उरलेल्या अभ्र्यांच्या घड्या घालायला घेतल्या. अर्धवट काम टाकायची तिला सवय नव्हती.

दोन दिवस राहायला आली होती, ती तीनच्या होडीने गेली. भाऊजींना म्हणाली, घरी काम निघालं. थोरली चादरी परत बांधायला लागली तर म्हणाली, "राहू दे. माणसं झोपलीत त्यावर. काय, उठवणार आहेस?" होडी सुटली तेव्हा थोरली काठावर उभी होती. धाकटीने हात हलवला. पाहुण्यांना हलवतात तसा, नीट, पूर्ण.

नवरा मागे येऊन उभा राहिला होता. "तिला कळलं?"

"हो."

"बरं झालं," तो म्हणाला. तेरा तारखेच्या त्या प्रश्नानंतर तो या विषयावर एवढंच बोलला, आणि थोरलीला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

ती घरात आली. चौकशी करणाऱ्यांची एक वही काउंटरखाली असे. कोण बोललं, कुठून, नंबर काय. तेरा तारखेनंतरचे तिने मोजले. सव्वीस. त्यांतले नऊ तिच्याकडेच येऊन गेले होते किंवा वर खोल्यांत होते. सतरा बाकी. महिना संपायला नऊ दिवस, आणि धाकटीला हव्या होत्या फक्त चार खोल्या. सतरातल्या चार म्हणजे काही डोंगर उचलायचा नव्हता. ती खुर्ची ओढून बसली. आपण बिघडवलं, आपणच सुधारू. ओळखीच्या माणसाने 'या' म्हटलं की येतात, असं नावाडी म्हणालाच होता.

पहिला म्हणाला, आम्ही दुसरीकडे बुकिंग केलं. दुसरा म्हणाला, सुट्टीच रद्द केली. तिसऱ्याने फोन उचलला नाही. चौथा हसला. "का हो, तुमच्याकडे भरलं वाटतं? म्हणून आता तिकडे ढकलताय?"

"नाही हो, रस्ता खरंच सुरू आहे. तेरा तारखेपासून."

"मग परवा का नाही म्हणालात?"

याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायला तोंड नव्हतं. पाचव्यापासून तिने ठरवलं की सगळं सांगूनच टाकायचं. पाचवी एक बाई होती, शाळेत शिकवणारी, सात-आठ जणींचा ग्रुप घेऊन निघालेली. चार खोल्या तिथेच भरल्या असत्या. थोरलीला तिचा आवाज आठवत होता, कारण तिने फार बारकाईने चौकशी केली होती.

"बाई, माझी चूक झाली," थोरली म्हणाली. "मी तुम्हाला खरं सांगितलं नाही. पलीकडे काहीही धोका नाही. माझ्या बहिणीने मला कधीच कळवलं होतं की रस्ता झालाय. मीच दडवलं. माझ्या खोल्या भराव्यात म्हणून. तुम्ही तिच्याकडे जा. कृपा करून जा."

हे कुणाला सांगणं एवढं कठीण असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि सांगितल्यावर एवढं हलकं वाटेल असंही नव्हतं.

"बहिणीचं फार अडलंय का हो?" बाईने मायेने विचारलं.

"हो. बंद करावं लागेल तिला."

"वाटलंच मला. आवाजावरूनच कळलं." बाईने सुस्कारा टाकला. "हे बघा, मी समजू शकते. माझी बहीण असती तर मीही हेच केलं असतं. पण माझ्याबरोबर सात बायका आहेत, त्यांची जबाबदारी माझ्यावर. त्या दिवशी तुम्ही मनापासून बोलला होतात, ते मला पटलं होतं. आता तिच्यासाठी तुम्ही स्वतःवर आळ घेताय."

"अहो नाही, मी खरंच..."

"राहू द्या. मी मनात काही ठेवत नाही." आणि फोन ठेवताना बाई आणखी काहीतरी म्हणाली.

थोरली रिसीव्हर हातात धरून तशीच बसून राहिली. नवरा बॉयलरपासून उठून दारात आला होता. त्याने विचारलं, "काय म्हणाली? येतायत?"

थोरलीने मान हलवली, नाही म्हणून.

"मग एवढा वेळ काय बोलत होती?"

तिला सांगवेना. तो दारातच उभा राहिला, तेव्हा सांगावं लागलं.

"म्हणाली, बहीण असावी तर अशी."